मंगोलियन शब्दांना मराठी अर्थ देताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : गेले आठ महिने आपण घरच्या घरी मंगोलियन भाषा शिकत आहात, सिरिलिक लिपी बऱ्यापैकी वाचता येऊ लागली आहे, आणि आता विक्शनरीसारख्या, सर्वांनी मिळून घडवायच्या कोशात मंगोलियन शब्दांच्या नोंदी कराव्यात असे आपल्या मनात आहे, मात्र एवढ्या शिदोरीवर हे धाडस करावे का, करायचे तर कोणत्या शब्दांपासून आणि आठवड्याला किती नोंदी कराव्यात, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी हे काम बारा वर्षे करत आलो आहे. माझे उत्तर असे की जरूर करावे, आणि मराठी विक्शनरीवर, मराठी अर्थ देऊनच करावे. विक्शनरीची प्रत्येक भाषेतील आवृत्ती जगातल्या सर्व भाषांचे शब्द आपापल्या भाषेत समजावून सांगते, त्यामुळे मराठीतून मंगोलियन शब्द उलगडून दाखवण्याला तेथे पूर्ण जागा आहे. अट एकच : मंगोलियन आणि मराठी यांच्या मध्ये इंग्रजीला बसू देऊ नये. नवख्या माणसाच्या नोंदींतल्या चुका मी बऱ्याच दुरुस्त केल्या आहेत, स्वतःच्याही केल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक चुका भाषा न येण्यामुळे नव्हे, तर या मध्यस्थीमुळे झालेल्या होत्या.

आधी उच्चार घ्या. आपल्या हाती असलेली पाठ्यपुस्तके बहुधा इंग्रजीतली असणार, आणि ती सांगतात की मंगोलियन ‘द’ हा इंग्रजी ‘डी’सारखा आहे व ‘त’ हा ‘टी’सारखा. राजधानी उलानबातरच्या माणसाच्या तोंडून ऐकलेत तर हे खरे वाटणार नाही. खाल्खा मंगोलियनमध्ये, म्हणजे मंगोलिया देशाच्या प्रमाण बोलीत, या जोडीतला भेद घोष-अघोषाचा नसून मुख्यतः अल्पप्राण-महाप्राणाचा आहे. ज्याला ‘द’ म्हणून लिहितात तो आपल्या ‘त’ला जवळचा असतो आणि ज्याला ‘त’ म्हणून लिहितात तो ‘थ’ला. इंग्रज विद्यार्थ्याला हा भेद कानाने पकडायला महिने लागतात, तर आपण तो बालवाडीत बाराखडीबरोबर शिकलेलो असतो. याहून मोठी गंमत ‘च’ची आहे. मराठीत ‘चाक’ मधला च वेगळा आणि ‘चिंच’ मधला वेगळा, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही, आणि हिंदी भाषकाला मात्र ते शिकवूनही लवकर जमत नाही. मंगोलियनमध्ये हे दोन्ही च आहेत, आणि दोहोंची महाप्राण रूपेही आहेत. पाठ्यपुस्तकात ‘झा’ असे लिहिलेला, दर दोन वाक्यांमागे येणारा शब्द प्रत्यक्षात ‘चाक’ मधल्या चा-ने उच्चारला जातो. म्हणून नोंदीत उच्चार देताना इंग्रजी पुस्तकातले रोमन रूप देवनागरीत उतरवून काढू नका. आधी ध्वनिफीत ऐका. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीतील उच्चार हा मुख्य, आणि देवनागरी रूप केवळ वाचकाच्या सोयीसाठी, असा क्रम ठेवा. या उत्तरात मीसुद्धा सोयीची देवनागरी वापरली आहे, ती उच्चाराचा पुरावा म्हणून घेऊ नये. एक ध्वनी मात्र आपल्याकडे नाही : तिथला ‘ल’. जीभ ल-च्या जागी ठेवून हवा दोन्ही कडांनी घासत सोडावी लागते, आणि पहिले काही महिने आपण ‘ल’ म्हणतो आहोत की ‘श’, असा समोरच्याला प्रश्न पडतो.

वाक्यरचनेत तर इंग्रजीने आपले नुकसानच केले आहे. मंगोलियनमध्ये क्रियापद शेवटी येते, विभक्तिप्रत्यय नामाला मागून लागतात, आणि ‘खाऊन गेला’ हे ‘इदेद यावसन’ असे जवळपास शब्दाला शब्द ठेवून सांगता येते. ‘गेज’ हा शब्द इंग्रजी व्याकरणात ‘अवतरणदर्शक निपात’ अशा काहीशा जड नावाने येतो आणि विद्यार्थी त्यावर दोन आठवडे घालवतो. मराठी माणसाला एवढेच सांगावे की ‘म्हणणे’ या अर्थाच्या धातूपासून तो झाला आहे आणि ‘म्हणून’सारखा चालतो : ‘इर्ने गेज खेल्सेन’ म्हणजे ‘येईन म्हणून सांगितलं’. म्हणण्याच्या क्रियापदापासून असा वाक्ये जोडणारा शब्द होणे हे दोन्ही भाषांत घडले आहे. ‘झा, बी यावला’ हे दुसरे उदाहरण. यातले क्रियापद भूतकाळी रूपातले आहे, पण ते बोलणारा माणूस अजून दारातच उभा असतो. इंग्रजी कोशांना इथे तळटीप लागते. मराठीत ‘बरं, मी चाललो’ म्हटले की रूपासकट अर्थ आला. ‘झा’ ला ‘ठीक आहे’ असा अर्थ देण्यापेक्षा ‘बरं’ द्यावा, कारण होकार, निरोप, फोन ठेवण्यापूर्वीची खूण आणि विषय बदलण्याची सूचना ही ‘बरं’ची सगळी कामे ‘झा’ करतो.

सामान्यरूपाची कल्पना आपल्याला असल्यामुळे आणखी एक अवघड गोष्ट सोपी होते. मंगोलियनमध्ये काही नामांच्या शेवटी एक लपलेला ‘न’ असतो. ‘उस’ म्हणजे पाणी. पण ‘पाण्यातून, पाण्यापासून’ म्हणताना ‘उसनास’ होते, तो न मधूनच उगवतो. ‘घोडा’चे ‘घोड्या’ होते तसाच हा प्रकार. कोणत्या नामात हा न आहे हे मूळ रूपावरून कळत नाही, म्हणून नोंदीत तो नोंदवणे अत्यावश्यक आहे, आणि नवखे लोक नेमका तोच गाळतात. स्वरसंवाद, म्हणजे शब्दातल्या स्वराप्रमाणे प्रत्ययाचा स्वर बदलणे, मात्र मराठीत नाही, तो घोकावाच लागतो : ‘गार’ म्हणजे हात, ‘गेर’ म्हणजे घर किंवा तंबूघर, आणि पंचमीचा एकच प्रत्यय पहिल्याला ‘आस’ होऊन लागतो, दुसऱ्याला ‘एस’ होऊन. यावर अधिक लिहीत नाही. हा भाग सर्व पुस्तकांत नीट दिलेला असतो.

आता अर्थाकडे येतो, कारण कोशाचा जीव तिथे असतो. माझी स्वतःची चूक सांगतो. पहिल्या वर्षी मी एका इंग्रजी शब्दयादीवरून एका महिन्यात दीडशेच्या वर नोंदी केल्या आणि त्यात ‘दू’ या शब्दाला ‘धाकटा भाऊ’ असा अर्थ दिला. यादीत तसेच लिहिले होते. पुढे उलानबातरच्या एका बाईंनी माझी ओळख करून देताना शेजारी उभ्या असलेल्या आपल्या धाकट्या बहिणीकडे हात करून ‘मिनी दू’ म्हटले, आणि मी क्षणभर आजूबाजूला भाऊ शोधत राहिलो. ‘दू’ म्हणजे धाकटे भावंड. मुलगा की मुलगी हे सांगायचेच असेल तर वेगळा शब्द जोडतात. ‘आख’ म्हणजे थोरला भाऊ आणि ‘एग्च’ म्हणजे थोरली बहीण, आणि हे दोन्ही शब्द रस्त्यावरच्या अनोळखी, वयाने मोठ्या माणसालाही लावतात. मराठीत हे ‘दादा’ आणि ‘ताई’ असे दोन शब्दांत सांगून होते, तर इंग्रजीत प्रत्येकी दीड ओळ लागते. ‘ता’ आणि ‘ची’ या सर्वनामांचेही तसेच : ‘तुम्ही’ आणि ‘तू’, आणि ‘आख’ला ‘ची’ म्हणत नाहीत, एवढी सूचना नोंदीत दिली की पुरे. त्या दीडशे नोंदींपैकी निम्म्याहून अधिक मला नंतर पुन्हा लिहाव्या लागल्या, आणि मी त्या कशावरून केल्या होत्या असे एका ज्येष्ठ संपादकाने विचारले तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते.

घोड्याचे शब्द घ्या. इंग्रजीतून जाणारा माणूस ‘मोरि’ समोर ‘घोडा’ लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात ‘मोरि’ म्हणजे खच्ची केलेला, खोगिराखालचा घोडा. सर्वसाधारण अर्थानेही तो चालतो, पण कळपातल्या जातीला ‘आदू’ म्हणतात आणि बिनखच्ची नराला ‘आझर्ग’. घोडीसाठीचा शब्द मराठी कानाला इतका अवघड आहे की मी तो वर्गात फळ्यावर लिहितो, उच्चारत नाही. शिंगराला ‘उनग’ म्हणतात, आणि पुढे वर्षागणिक नाव बदलत जाते : दुसऱ्या वर्षी ‘दाग’, तिसऱ्या वर्षी ‘शुदलेन’. ‘शुद’ म्हणजे दात, आणि कायमचे दात येऊ लागण्याच्या वयावरून हे नाव पडले आहे. इंग्रजी कोशात याला ‘तीन वर्षांचा घोडा’ म्हणतील. तेही संपूर्ण बरोबर नाही, कारण मोजणी चालू वर्षाची आहे, पूर्ण झालेल्या वर्षांची नाही. पण आपल्याकडे बैलगाडा शर्यतीच्या मैदानात जाऊन पाहा : आदत, दुसा, चौसा हे शब्द तिथे रोज तोंडात असतात, आणि ते दातांवरूनच वय सांगतात. मी ‘शुदलेन’च्या नोंदीत आधी स्पष्टीकरण दिले आणि मग ‘बैलांच्या बाबतीत मराठीत दुसा म्हणतात त्या धर्तीचा शब्द’ अशी एक ओळ जोडली. शेतकरी घरातल्या वाचकाला त्या एका ओळीतून जे कळते ते माझ्या आधीच्या तीन ओळींतून कळत नाही. म्हणून मी सुचवीन की सुरुवात जनावरांच्या शब्दांपासून करावी. मंगोलियात घोडा, उंट, गुरे, मेंढी आणि शेळी अशी पाच पशुधने मानतात, आणि त्यांच्या पिल्लांना स्वतंत्र शब्द आहेत. मराठीतही शिंगरू, वासरू, कोकरू, करडू असे शब्द तयार असताना ‘मेंढीचे पिल्लू’ असले भाषांतरित अर्थ देण्याचे कारण नाही. फक्त उंटाच्या पिल्लाला, म्हणजे ‘बोत्गो’ला, सरळ ‘उंटाचे पिल्लू’ म्हणावे. नसलेला शब्द बनवू नये.

कोणता शब्द कोशात यावा हेही मराठीने कळते. मंगोलियन लोक ‘त्साय माय’ म्हणतात, म्हणजे चहाबिहा. शब्दाचे पहिले अक्षर काढून ‘म’ लावायचा, आणि शब्दच म-ने सुरू होत असेल तर ‘झ’ लावायचा. म्हणून मांस या अर्थाच्या ‘माख’चे ‘माख झाख’ होते. आपण ‘पुस्तकबिस्तक’ला कोशात स्वतंत्र जागा देत नाही, तशी ‘त्साय माय’लाही देऊ नये, घडणीचा नियम परिशिष्टात एकदा लिहावा. ‘त्साय’ आणि ‘चहा’ हे दोन्ही शब्द मुळात चिनी आहेत, हे मात्र व्युत्पत्तीत जरूर द्यावे.

व्युत्पत्तीचा मोह मराठी माणसाला फार होतो, कारण मंगोलियनमध्ये संस्कृत शब्द खरोखरच आहेत. बौद्ध धर्माबरोबर ते मध्य आशियातून गेले, बरेचसे प्राचीन उइघुर भाषेच्या वाटेने. ‘रत्न’चे ‘एर्देने’ झाले, ‘श्लोक’चे ‘शुलेग’ होऊन त्याचा अर्थ कविता असा झाला, ‘वज्र’चे ‘ओचिर’ झाले, ‘रसायन’चे ‘राशान’ होऊन ते औषधी झऱ्याच्या पाण्याचे नाव झाले, आणि ‘द्वीप’चे ‘तिव’ होऊन तो आज खंड या भौगोलिक अर्थाने शाळेत शिकवला जातो. ग्रहांची नावे तर वाचून पाहा : आंगारग, बुद, बार्खास्बादि, सुगार, सान्चिर. शेवटचा आपला शनिश्चर आहे हे सांगायला कोश लागत नाही. रोजच्या वापरातली दावा, म्याग्मार, ल्खाग्वा ही वारांची नावे मात्र तिबेटी आहेत, त्यामुळे दोन्ही मालिकांची सरमिसळ करू नका. सगळ्यात मला आवडणारा शब्द ‘सान्सार’. आपल्या ‘संसारा’त भांडीकुंडी आणि मुलेबाळे आली, तिकडे तोच शब्द जन्ममरणाच्या फेऱ्याचा धार्मिक अर्थ बाळगून असतानाच अंतराळ या अर्थाने रूढ झाला. १९८१ च्या मार्चमध्ये जुग्देरदेमिदीन गुर्रागचा सोयुझ ३९ या सोव्हिएत यानातून अंतराळात गेले, पहिले मंगोलियन अंतराळवीर झाले, आणि ‘सान्सारीन निसेग्च’ म्हणजे अंतराळवीर हा जोडशब्द कोशासाठी याहून चांगले उदाहरण मागत नाही. उलट दिशेचा एक शब्दही आपल्या घरात आहे : ‘बहादूर’. फारसीतून आपल्याकडे आलेल्या या शब्दाचे मूळ तुर्की-मंगोल ‘बागातुर’मध्ये आहे, आणि त्याचेच आजचे मंगोलियन रूप ‘बातार’ हे उलानबातर, म्हणजे ‘लाल वीर’, या राजधानीच्या नावात आहे.

याच उत्साहात लोक ‘गेर’ला ‘घर’शी जोडतात. तसे करू नका. ‘घर’ प्राकृतातून, ‘गृह’वरून आले, ‘गेर’ हा अस्सल मंगोल शब्द आहे. उच्चार आणि अर्थ दोन्ही जुळले तरी ती वाट सिद्ध होत नाही. मधल्या भाषेतले रूप दाखवता येत असेल तरच व्युत्पत्ती लिहावी, नाहीतर तो रकाना रिकामा ठेवावा. रिकामा रकाना पुढे कुणीतरी भरतो. चुकीचा भरलेला मात्र दहा संकेतस्थळांवर उतरवला जातो आणि मग आपलीच चूक आपल्याला पुरावा म्हणून दाखवली जाते.

लेखनाबद्दल दोन गोष्टी सांगणे भाग आहे. मंगोलियाने सिरिलिक स्वीकारण्याचा निर्णय १९४१ साली घेतला आणि १९४६ पासून सरकारी व्यवहार त्या लिपीत सुरू झाला. तिच्यात ३५ अक्षरे आहेत. रशियनची ३३ आणि वर दोन स्वर. ही लिपी उच्चाराला जवळची असली तरी तिच्यात चकवे आहेत. ‘खन’ म्हणजे राजा आणि ‘खना’ म्हणजे भिंत. लिहिताना दुसऱ्यात शेवटी आकार आहे, बोलताना तो जवळजवळ गळतो, जसा आपण ‘राम’ लिहून शेवटचा अ उच्चारत नाही. मग फरक कशात? पहिल्यातला शेवटचा न ‘ङ’सारखा होतो आणि दुसऱ्यातला न ‘न’च राहतो. तो मुका स्वर केवळ आधीचे व्यंजन सांभाळण्यासाठी उभा आहे. नोंदीत उच्चार देताना हे चुकले तर भिंतीच्या जागी राजा येतो.

दुसरी गोष्ट उभ्या पारंपरिक लिपीची. चीनमधल्या आंतर मंगोलियात ती कधी सुटलीच नाही, आणि मंगोलियातही २०१५ च्या भाषाविषयक कायद्यानुसार १ जानेवारी २०२५ पासून सरकारी कागदपत्रे दोन्ही लिप्यांत काढायची आहेत, त्यामुळे नोंदीत हे रूप देणे आता हौसेचे राहिलेले नाही. ही लिपी जुना उच्चार जपते : डोंगर या अर्थाचा आजचा ‘ऊल’ तिथे ‘आगुला’ असा लिहिला जातो. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या मराठी पुस्तकांत ‘केलें’, ‘घरें’ वरचे अनुच्चारित अनुस्वार ज्यांनी पाहिले आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. अडचण संगणकावर येते. या लिपीत ओ आणि उ यांची आकृती एकच असते, त आणि द यांचीही अनेक ठिकाणी सारखीच दिसते. युनिकोडमध्ये मात्र ही अक्षरे उच्चाराप्रमाणे वेगवेगळी सांकेतिक केलेली आहेत. म्हणजे पडद्यावर अगदी बरोबर दिसणारा शब्द आतून चुकीचा असू शकतो, आणि मग तो शोधात सापडत नाही. मराठीत ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे टंकता येते आणि एका प्रकारे लिहिलेला शब्द दुसऱ्या प्रकारे शोधला की मिळत नाही, हा अनुभव आपल्याला असेलच. मंगोलियन लिपीत तो जवळजवळ प्रत्येक शब्दाला येतो. आकृती पाहून टंकू नका. शब्दाचे लिप्यंतर आधी कोशातून पक्के करा आणि मग अक्षरे एकेक करून द्या. पहिले सहा महिने हे रूप आपण स्वतः न देता जाणकार संपादकाकडे सोपवले तरी चालेल.

हक्कांविषयी थोडक्यात. विक्शनरीचा मजकूर मुक्त परवान्याखाली असतो, त्यामुळे कोणत्याही छापील कोशातली व्याख्या उचलून किंवा मराठीत भाषांतर करून तिथे ठेवता येत नाही. त्सेवेल यांचा १९६६ चा एकभाषिक मंगोलियन कोश अर्थ पडताळण्यासाठी जरूर उघडावा. मग तो मिटावा आणि व्याख्या आपल्या शब्दांत लिहावी. उदाहरणवाक्य स्वतः रचण्यापेक्षा वर्तमानपत्रातले छोटे वाक्य तारीख देऊन घ्यावे, किंवा मंगोलियन भाषकाने दिलेले घ्यावे. आपण रचलेले वाक्य व्याकरणाने निर्दोष असेल, पण तसे कुणी बोलत नसेल, आणि हे आपल्याला कळणार नाही. ओळखीच्या भाषकाला तयारी असेल तर ‘लिंग्वा लिब्रे’ या साधनावर त्याच्याच आवाजात शब्द मुद्रित करून घ्यावेत; एका तासाच्या बैठकीत शंभरावर शब्द सहज होतात.

राहिला आठवड्याचा हिशेब. मी सध्या आठवड्याला ४ ते ५ नोंदी करतो, आणि आपण २ कराव्यात. शब्द आधी वहीत जातो. तो मी निदान दोन ठिकाणी वाचलेला किंवा ऐकलेला असेल, लपलेला न तपासलेला असेल आणि मराठी अर्थ इंग्रजी न वापरता सुचला असेल, तरच वहीतून कोशात जातो. काही शब्द वर्षभर वहीतच पडून राहतात. ‘ओरोम’ हा त्यांतला एक होता. इंग्रजी कोश त्याला घट्ट मलई म्हणतात, मी ‘साय’ लिहून ठेवले होते, आणि तरी हात पुढे होत नव्हता. शेवटी एका पशुपालक घरातल्या मुलीने कृती सांगितली : दूध तापवायचे, पळीने उंचावरून धार धरून फेस काढायचा, रात्रभर न हलवता ठेवायचे आणि सकाळी वर धरलेला जाड थर दुमडून काढून वाळवायचा. आपली साय कुणी वाळवत नाही. म्हणून नोंदीत ‘साय’ हा शब्द ठेवला, आणि पुढे दुमडण्याची व वाळवण्याची अर्धी ओळ जोडली.